सरांचं मॉडेल, गावातली विहीर आणि रविवारचा पाऊस

विज्ञानाच्या शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये 'मॉडेल' हा शब्द काढला की समोर बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट येते, थर्माकोलचा ज्वालामुखी. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, आणि तालुका प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पोराच्या वडिलांनी बारा वाजेपर्यंत बसून चिकटवलेली डोंगराची कड. चूक कुणाचीच नाही, आपल्याकडे मॉडेल म्हणजे प्रतिकृती, आणि प्रतिकृती म्हणजे बघायची वस्तू. पण विज्ञानात हा शब्द ज्या अर्थाने वापरतात तो जरा वेगळा आहे आणि तो एकदा कळला की मग 'पर्यावरणाचा डेटा वर्गात कसा वापरायचा' हे जे जड वाटणारं प्रकरण आहे ना, ते बऱ्यापैकी सोपं होतं.

मॉडेल म्हणजे 'हे असं चालत असावं' असा आपला अंदाज, पण तो नीट मांडलेला, म्हणजे चित्रात, वाक्यात किंवा आकड्यात, आणि असा मांडलेला की त्यावरून पुढे काय होईल ते सांगता येईल आणि ते चुकलं तर चुकलं हे लपणार नाही. बस एवढंच. आपल्या आजोबांकडेही मॉडेलं होती. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण घ्या, स्वाती नक्षत्र साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतं, तेव्हा पाऊस झाला तर रब्बीची ज्वारी चांगली येणार असं ती सांगते. एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला पीक, मध्ये नातं. फक्त आपल्यापैकी सहसा कुणी वीस वर्षांचे आकडे शेजारी मांडून बघितलं नाही की किती वेळा खरं ठरलं, आणि खरं सांगायचं तर आठवीच्या वर्गाला याहून चांगला प्रोजेक्ट मिळणार नाही.

मी या ट्रेनिंगच्या दोन्ही बाजूंना बसलोय. आधी बरीच वर्षं खाली, सही करायची, चहा घ्यायचा, पीपीटी बघायची, फोटो अपलोड झाला की सुटलो. मग काही वर्षं सुलभक, म्हणजे ट्रेनिंग देणारा, म्हणून समोर. समोर उभं राहिल्यावर कळलं की आपण ज्या पीपीटींना नावं ठेवत होतो तशाच आपणही बनवतोय. 'डेटा-आधारित अध्यापन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेली स्लाइड मीही दाखवलीय, लोकांनी वहीत उतरवून घेतली, आणि त्यापुढे कुणाच्याही वर्गात काहीही झालं नाही.

नंतर ते सोडलं आणि विहिरीपासून सुरुवात केली. गावाकडच्या कुठल्याही शाळेला जमेल असा हा विषय आहे.

पहिल्या तासाला शिक्षकांना कोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं, विहिरीत पाणी कुठून येतं त्याचं चित्र काढा, लेबलं द्या. बीएस्सी, एमएस्सी झालेली माणसं, पण अर्ध्याअधिक चित्रांत जमिनीखाली एक नदी असते, किंवा मोठं तळं, आणि त्यातून 'झरा' विहिरीत येतोय. पोरांचीही चित्रं अशीच असतात. इथे सुलभकाने तोंड बंद ठेवायचं, हे फार अवघड आहे, कारण आपल्याला सवय असते लगेच 'नाही नाही, बरोबर उत्तर असं' म्हणायची. त्याऐवजी फक्त विचारायचं, खाली नदी असेल तर तुमची विहीर फेब्रुवारीत आटते आणि दोन शेतं सोडून असलेली मे पर्यंत टिकते, हे कसं काय? मग आपोआप गलका सुरू होतो. कोण म्हणतो झरा बंद झाला, कोण म्हणतो त्याने आडवे बोअर मारलेत, कोण म्हणतो पायाळूने पाणी दाखवलं होतं. तासभर चालू द्यायचं.

मग बाटल्या. प्लॅस्टिकची बाटली वरून कापायची, एकात जाड वाळू, एकात मुरूम, आणि शेजारी एक काळ्या पाषाणाचा धोंडा ठेवायचा. मोजपात्राने पाणी ओतत राहायचं, वर येईपर्यंत किती मावलं ते लिहायचं. वाळूत बऱ्यापैकी मावतं. मग बाटलीच्या बुडाला भोक पाडून खाली परत किती येतं तेही मोजायचं, आणि इथे लोक दचकतात, कारण ओतलं तेवढं परत येत नाही, काही पाणी कणांना चिकटून राहतं. म्हणजे जमिनीत 'आहे' ते पाणी आणि विहिरीला 'मिळतं' ते पाणी एकच नव्हे. धोंड्यात तर काहीच शिरत नाही. मग बेसाल्टच्या, म्हणजे याच काळ्या पाषाणाच्या, आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे राज्याचा सुमारे ८० टक्के भाग, विहिरींना पाणी येतं ते कुठून? भेगांतून, फटींतून, वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरातून. नदी बिदी काही नाही, फटी आहेत. हे शिक्षकाने स्वतः ओल्या हाताने शोधलं की तो ते पुन्हा विसरत नाही.

आता आकडे. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहेत.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी. हे एक वाक्य पाठ असलं की अर्धं काम झालं. समजा वर्षाला ५०० मिमी पाऊस झाला, त्यातला साधारण १० टक्के खाली मुरला असं धरू (खडकाप्रमाणे हे बदलतं, कुठे कमी कुठे जास्त), म्हणजे ५० मिमी. पाच सेंटीमीटर. एवढंसं. पण हे पाणी ज्या खडकात साठतंय त्यात पाणी सोडू शकेल अशी पोकळी साधारण २ टक्केच आहे, भूजलाचा हिशोब करताना बेसाल्टला एवढीच धरतात. मग ५० मिमी पाणी त्या चिंचोळ्या फटींत भरलं की पातळी किती वर येणार? ५० भागिले ०.०२, म्हणजे २५०० मिमी. अडीच मीटर!

ट्रेनिंगमध्ये हा आकडा फळ्यावर आला की एक क्षण शांतता असते. कारण पोळ्यापर्यंत विहीर तुडुंब कशी होते आणि शिमग्याला तळ कसा दिसतो, या दोन्हींचं उत्तर त्या एका भागाकारात आहे. पोकळी कमी म्हणून पाणी झटकन वर चढतं, आणि त्याच कारणाने उपसा सुरू केला की झटकन खाली जातं. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत पोकळी १५-१६ टक्के धरली तर तेच ५० मिमी पातळी एक फूटभरच वाढवेल. पण तिथली विहीर आपल्यासारखी आटायची नाही. तिथल्या माणसाला आपली विहीर नाटकी वाटेल.

इथपर्यंत झालं ते मॉडेल नंबर एक. चित्र होतं, त्याचं गणित झालं. पण खरी गंमत पुढे आहे, हे मॉडेल चुकतं. आणि ते चुकावं म्हणूनच ट्रेनिंग घ्यायचं असतं.

एक्सेलमध्ये बारा ओळी करायच्या, जून ते मे. नियम एकच, दर १०० मिमी पावसाला पातळी अर्धा मीटर वर, आणि दर महिन्याला वापरामुळे ठराविक खाली. शेजारच्या कॉलममध्ये खऱ्या विहिरीची पातळी टाकायची, दोरीला गाठी मारून मोजलेली. (कठडा नसलेल्या विहिरीवर पोरांना नेऊ नका, ग्रामपंचायतीच्या विहिरीवर शिक्षकाने स्वतः मोजावं, हे मी हात जोडून सांगतो.) भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, त्यांच्या नोंदीही बघता येतात. दोन्हींचा ग्राफ काढला की लगेच दिसतं, मॉडेल म्हणतंय जूनमध्ये पाणी वाढलं आणि खरी विहीर ढिम्म. का? कारण मे महिन्यात भेगाळलेली जमीन पहिला पाऊस स्वतःच पिऊन टाकते, खाली काही जाऊच देत नाही. मग सप्टेंबरात एका रात्रीत ९० मिमी पडला, मॉडेल उडालं वर, विहीर फारशी नाही, कारण ते पाणी मुरायच्या आधी ओढ्याने निघून गेलं. पावसाळा संपल्यावर मॉडेल सरळ रेषेत खाली उतरतंय पण विहीर आधी भरभर, मग हळू, म्हणजे भोक पडलेल्या बादलीसारखी, भरलेली असते तेव्हा धार जोरात. आणि मग डिसेंबरात अचानक परत खोल खड्डा, तो कशाचा ते शेतकऱ्याच्या पोराला विचारावं लागत नाही, हरभऱ्याला गव्हाला पाणी सुरू झालेलं असतं.

प्रत्येक चुकीला एक कारण, प्रत्येक कारणाला एक दुरुस्ती, की मॉडेल नंबर दोन, तीन. शिक्षकांना मी एवढंच सांगतो की नंबर एक खोडून टाकू नका, वहीत राहू द्या, तारीख टाका. वैज्ञानिक काय करतात हे पोरांना दाखवायचं असेल तर त्या खोडाखोडीतच दिसतं.

आता डेटाकडे येऊ, कारण तो कधीच स्वच्छ नसतो आणि पुस्तकातला डेटा मात्र कायम इस्त्री केलेला असतो. शाळेत पोरांनी पर्जन्यमापक केला, नरसाळं आणि बाटली. नरसाळ्याचं तोंड १० सेंटीमीटरचं असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे एक मिमी पावसाला ७.८५ मिलीलिटर, इथपर्यंत गणिताच्या बाई खूश. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं म्हणून आपणही साडेआठला, छान. आणि मग सोमवार येतो. बाटलीत ३४ मिमी आहे, पण ते शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ अशा दोन दिवसांचं. रविवारच्या रकान्यात पोरगा लिहितो शून्य.

रविवारी पाऊस शून्य नव्हता ना बाळा, रविवारी शाळा नव्हती!

या एका शून्यावर मी कधीकधी पूर्ण दुपार घालवतो. 'मोजलं आणि काही नव्हतं' हे शून्य आणि 'मोजलंच नाही' हे रिकामं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेल सरासरी काढताना शून्य धरतं, रिकामा रकाना सोडून देतं, म्हणजे तुमची सरासरीच बदलते. शिवाय २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पडला तरच हवामान खातं त्याला पावसाचा दिवस म्हणतं, म्हणजे त्या खोट्या शून्याने पावसाच्या दिवसांची संख्याही बदलते, आणि सोमवारचे ३४ एका दिवसाचे समजले तर पाऊस उगाच जोरदार दिसतो. शिक्षकांना हे सांगून पटत नाही, एकदा त्यांच्याच आकड्यांवर दोन्ही प्रकारे करून दाखवलं की पटतं.

दुसरी गोष्ट, एका ठिकाणचा आकडा म्हणजे सगळीकडचा नव्हे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकच शहर, एकच दिवस. मग 'मुंबईत किती पाऊस झाला' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? आमच्याकडे हा प्रश्न पैशाचाही आहे, महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी धरतात, आणि पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या गावी, ढग फुटला आपल्या शिवारात, हे भांडण प्रत्येक पोराने घरी जेवताना ऐकलेलं असतं. त्यामुळे 'सॅम्पलिंग' हा शब्द न वापरता सॅम्पलिंग शिकवून होतं.

हे सगळं शिक्षकांना आधीच का येत नाही असं कुणी विचारेल. कसं येईल? आपण सगळे ज्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून शिकलोय तिथे उत्तर आधी माहीत असतं. लंबकाचा प्रयोग करायचा आणि ९.८ काढून आणायचं, ११.२ आलं तर आंदोलनं परत मोजायची नाहीत, आकडे 'सेट' करायचे. मी केलेत, तुम्हीही केले असतील. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाला गावच्या विहिरीचा डेटा दिला तर तो पहिल्यांदा विचारतो, सर, बरोबर उत्तर काय यायला पाहिजे? इथे तसं उत्तर कुणाकडेच नसतं. एक्सेल शिकायला दोन तास लागतात, पण चाळीस पोरांसमोर 'मलाही माहीत नाही, बघूया' असं म्हणून उभं राहायला फार वेळ लागतो, आणि माझ्या मते ट्रेनिंगचा नव्वद टक्के वेळ त्यावर जायला हवा.

यावर बाहेर बरंच काम झालंय. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनिस आणि शाळेत शिकवणारे माल्कम वेल्स यांनी १९८० च्या दशकात मॉडेलिंगवर आधारलेली शिकवायची पद्धत उभी केली. त्याच्या मुळाशी एक टोचणारी गोष्ट होती, परीक्षेत सूत्रं वापरून गणितं सोडवणारी पोरं 'वर फेकलेल्या चेंडूवर कुठलं बल काम करतं' यासारख्या साध्या प्रश्नात अडकत होती. त्यांच्या उन्हाळी कार्यशाळांत शिक्षकांना भाषण देत नाहीत, शिक्षकांनाच विद्यार्थी करतात, गटात प्रयोग, मग छोट्या पांढऱ्या फळ्यावर आपलं मॉडेल काढून बाकीच्यांसमोर त्याची बाजू मांडायची. आणि हे एवढ्या लांबून आणायचीही गरज नव्हती म्हणा, आपल्या शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला होता, पुढे तो शेकडो शाळांत गेला. तिथेही शिक्षक आधी स्वतः प्रयोग करायचे, चुकायचे, भांडायचे, आणि ट्रेनिंग संपल्यावर दर महिन्याला बैठक असायची. २००२ ला तो सरकारने बंद केला, ते दुःख वेगळं.

मला त्यातली महिन्याची बैठक सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण म्हटलंय. ते सलग एका आठवड्यात उरकून टाकायचे की दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, थोडे-थोडे वाटायचे, यात फार फरक आहे. विहीर जूनपासून मे पर्यंत चालते, एका आठवड्यात नाही. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, दहा शाळांनी आपापल्या विहिरीचे आकडे घेऊन महिन्याला एकदा बसायचं, एवढं जरी झालं तरी तेच ट्रेनिंग आहे.

वेळ नाही, पोर्शन राहतो, ही तक्रार खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. त्यावर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतून चालवलेल्या ट्रॉप आयसीएसयू नावाच्या प्रकल्पाची कल्पना मला आवडते, हवामान बदल हा वेगळा विषय म्हणून घुसवायचाच नाही, तुमचा जो धडा आहे तोच हवामानाच्या उदाहरणाने शिकवायचा. आलेख शिकवायचाच आहे ना? मग हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख घ्या. सुरुवातीला हवेच्या दहा लाख भागांत ३१३ च्या आसपास, आता ४२० च्या वर. पण तो सरळ चढत नाही, करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत चढतो, दरवर्षी मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ. पोरांना आधी फक्त दोन वर्षांचा तुकडा दाखवा आणि विचारा वाढतोय की कमी होतोय. वर्गात दोन पक्ष पडतात. मग पूर्ण आलेख. दाते का, तर उत्तर गोलार्धात जमीन आणि झाडं जास्त, त्यांच्या उन्हाळ्यात पानं फुटली की कार्बन ओढला जातो. प्रकाशसंश्लेषण आणि आलेख एकाच तासात, पोर्शन वाचला.

एक अडचण मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. विहिरीनंतर पोरं गावाचा हिशोब करतात. धरा शिवार १००० हेक्टर, पाऊस ५०० मिमी, म्हणजे ५०० कोटी लिटर पडलं, १० टक्क्याने ५० कोटी मुरलं. लोकसंख्या २०००, जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे झाले सुमारे ४ कोटी. चला, भरपूर आहे की! मग कुणीतरी ऊस घालतं. उसाला १५०० ते २५०० मिमी पाणी लागतं, मधले २००० धरले आणि ५०० आभाळातून आले तरी १५०० उरतात, हेक्टरी दीड कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापराचं पाणी बरोबर सुमारे पावणेतीन हेक्टर उसाचं पाणी. वर्गात ज्याच्या घरी सहा हेक्टर ऊस आहे तो पोरगा खाली बघायला लागतो, आणि त्याचे वडील शाळा व्यवस्थापन समितीत असतात.

यावर मी शिक्षकांना एवढंच सांगतो की आकड्यावर थांबा, माणसावर जाऊ नका. त्याच पोराला विचारा की ठिबक केलं तर मॉडेलमध्ये कुठला आकडा बदलेल, कारखान्याचा दर मिळतो म्हणून ऊस लावतात हे मॉडेलमध्ये कुठे बसवायचं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायची पद्धत पाडली, तिथेही हा हिशोब ग्रामसभेत मोठ्या माणसांनी केला, चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर नाही टाकला.

आणि शहरातल्या शाळांचा नेहमीचा मेसेज, सर, आमच्याकडे विहीर नाही. गच्ची आहे ना? ३०० चौरस मीटरची गच्ची, ७०० मिमी पाऊस, २ लाख १० हजार लिटर. एवढं पाणी कुठून खाली उतरतं ते पोरांना पावसात पाइपामागे पळत जाऊन शोधू दे. एका शाळेत पोरांनी असंच शोधलं आणि पाइप थेट मुलींच्या टॉयलेटमागच्या भिंतीत सुटलेला निघाला, तिथली ओल चार वर्षं का जात नव्हती ते तेव्हा कळलं, प्लंबर त्याच आठवड्यात आला.